नेव्हर इनफ, जेनिफर ब्रेहेनी वॉलेस: घ्यावं का?

मुलांच्या मार्कांवरून घरात रोज कटकट होत असेल तर २०२३चं हे पुस्तक घ्याच, पण आधी आईबापांनी वाचा. वॉलेसबाई मूळच्या पत्रकार, सुरुवात सीबीएस या अमेरिकन टीव्ही चॅनलच्या '६० मिनिट्स' या बातम्यांच्या कार्यक्रमातली, आणि ते जाणवतं, नुसते सल्ले झाडत बसत नाहीत, अमेरिकेतल्या जवळपास ६००० पालकांचा सर्व्हे केलाय, वर मुलांशी भरपूर बोलल्यात. श्रीमंत वस्तीतल्या टॉपच्या शाळेतली पोरंही आतून पार थकलेली, कारण रिझल्ट लागला तरच आपली किंमत हे डोक्यात फिट्ट बसलंय. इथे मॅटरिंग येतं, म्हणजे आपण कुणाला तरी हवेत आणि आपला कुणाला तरी उपयोगही आहे, दोन्ही लागतं. कल्पना समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांची हां, १९८०च्या दशकातली, बाईंनी ती घराघरात आणली, द मॅटरिंग मूव्हमेंट नावाची संस्थाही काढली. घरकामाचा भाग मला सगळ्यात पटला, परीक्षा आहे म्हणून पोराला स्वतःचं ताटही उचलू देत नाही आपण आणि मग म्हणतो याला जबाबदारी नाही. उदाहरणं मात्र बहुतेक अमेरिकन कॉलेज ॲडमिशनचीच, मधे जरा ताणलंयही. पाचात चार स्टार.