पायातून 112 थेंब ‘पू’ काढला आणि 1,36,800 रुपये नेले : शीर दबलेल्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी वाचा

1,36,800 रुपये. एका दुपारीत आमच्या घरातून एवढी रक्कम गेली. नेणाऱ्याला आम्हीच दार उघडलं, पाणी दिलं, हिने चहा केला. नळीने ‘पू’ ओढून थेंबाथेंबाला पैसे लावणाऱ्या टोळ्या तुम्हाला ऐकून माहीत असतील. मलाही होत्या. पण त्या गुडघेदुखीवाल्या म्हाताऱ्या माणसांना गाठतात अशी माझी समजूत होती. मणक्याची शीर दबलेल्यांनाही गाठतात, म्हणून हे लिहितोय.

आधी दुखणं सांगतो. ते कळल्याशिवाय ‘एवढे शिकलेले असून कसे फसलात’ असं विचारायचा कुणाला अधिकार नाही. माझी एल-फोर एल-फाइव्हमधली, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली, गादी सरकली आहे आणि डावीकडची शीर दबली आहे. कळ कमरेतून निघते, कुल्ल्यातून मांडीच्या बाहेरच्या बाजूने पोटरीत उतरते आणि पार अंगठ्यापर्यंत जाते. शिंक आली तर भिंत धरावी लागते. बसलं की वाढतं, आणि माझं काम हिशेबाचं, दिवसभर बसून. रात्री या कुशीवरून त्या कुशीवर होताना तोंडात टॉवेल धरलाय मी, हिची झोप मोडू नये म्हणून. बहुतेकांचं हे दुखणं सहा ते बारा आठवड्यांत पुष्कळ कमी होतं, असं डॉक्टर पहिल्याच वेळी म्हणाले होते. मी आठवडे मोजत राहिलो. पाचवा महिना उजाडला तरी माझं कमी झालं नव्हतं. शिरेच्या दुखण्यावरची प्रीगॅबालिन ही गोळी घेतली की डोकं जड व्हायचं आणि आकडे डोळ्यांपुढे तरंगायचे. डॉक्टरांकडे तीन तास थांबायचं आणि आत तीन मिनिटं मिळायची. अशा माणसाला कुणी नुसतं ‘तुमचं कुठे दुखतं ते मला कळतंय’ म्हटलं, तरी भरून येतं. या लोकांना ते नेमकं ठाऊक असतं.

दुसरा एमआरआय काढून सेंटरच्या बाहेर रिक्षाची वाट बघत उभा होतो. काखेत फिल्मची ती मोठी पिशवी होती. पस्तिशीचा, नीटनेटका, स्वच्छ मराठी बोलणारा एक जण जवळ आला. “काका, डावा पाय ना? अंगठ्यापर्यंत मुंग्या येतात?” मी थक्क झालो. वास्तविक पिशवीवर सेंटरचं नाव छापलेलं होतं आणि मी डावा पाय उचलून उभा होतो, त्यात ओळखण्यासारखं काही नव्हतं. त्याच्या आईचं अगदी असंच होतं म्हणे, ऑपरेशनची तारीख मिळाली होती, आणि एका वैद्यांनी तासाभरात उठवून बसवलं. त्याने माझ्याकडे एक पैसा मागितला नाही, वैद्यांचा नंबर दिला आणि माझा घेतला. लक्षात ठेवा, तपासणी केंद्राच्या किंवा औषधाच्या दुकानाच्या बाहेर अनोळखी माणूस तुमच्या दुखण्याबद्दल बोलायला लागला, तर तो टोळीतला पहिला माणूस आहे असं समजून चालायला लागा. ओळख नसताना तुमच्या मणक्याची काळजी कुणालाही नसते.

वैद्य घरी आले ते मदतनीस घेऊन. दवाखाना कुठे, हे मी विचारलं होतं. ‘आम्ही सेवा करतो, दुकान मांडत नाही’ हे उत्तर मला तेव्हा पटलं. माझी आजी गुडघ्याला जळवा लावून घ्यायची, गावात तुंबड्या लावणारे यायचे, त्यामुळे रक्त ओढून काढणं मला परकं नव्हतं. आयुर्वेदात या दुखण्याला गृध्रसी म्हणतात आणि चरकसंहितेत ते सांगितलेलं आहे, हेही खरंच आहे. हे लोक त्याच खऱ्याच्या आडोशाला उभे राहतात. खऱ्या वैद्याची महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे नोंदणी असते आणि तो नोंदणी क्रमांक सांगतो. या माणसाच्या कार्डावर देवाचा फोटो होता, नंबर फक्त मोबाइलचा.

पैशाचं बोलणं असं झालं : “थेंबाला 1,200. घाण निघेल तेवढेच पैसे. नाही निघाली तर एक रुपया देऊ नका.” मला वाटलं दहा-पंधरा थेंब निघतील. कुणालाही तसंच वाटलं असतं. मला पालथं झोपवलं, ब्लेडने कातडीवर बारीक चिरा दिल्या, नळी लावून तोंडाने ओढलं आणि ताटलीत टाकलं. ताटलीत पिवळट घट्ट काहीतरी दिसायचं. मदतनीस मोठ्याने मोजायचा आणि हिलाही मोजायला लावायचा. तो हिशेब नंतर आमच्याच तोंडून वदवून घेण्यासाठी होता. पालथ्या माणसाला स्वतःची पोटरी दिसत नाही. मला फक्त आकडे ऐकू येत होते.

आणि साठीच्या पुढे आकडा गेल्यावर त्याने नळी उजव्या पायाला लावली.

उजव्या! माझा उजवा पाय धडधाकट आहे. हिने लगेच म्हटलं, “अहो, दुखणारा पाय डावा आहे ना?” तो शांतपणे म्हणाला, “ताई, मूळ उजवीकडे आहे.” त्या पायातूनही तसाच पिवळा थेंब पडला, त्याच रंगाचा, तेवढाच घट्ट. मी हिला म्हटलं, “त्यांना त्यांचं काम करू दे.” रोज रात्री मला तो उजवा पाय आठवतो. तिथेच सगळं उघडं पडलं होतं. चांगल्या पायातून पू येतो कसा? पण साठ थेंबांचे 72,000 तोवर झाले होते, अंगावर चिरा होत्या, खोलीत दोन परके पुरुष होते आणि मध्येच थांबलो तर ‘विष पायात पसरेल’ असं तो आधीच सांगून बसला होता. त्या अवस्थेत ताडकन उठून त्याला बाहेर काढणारा माणूस मला दाखवा.

112 थेंब. 1,34,400 झाले. ‘तुम्ही आमचे’ म्हणून 4,400 सोडले आणि तेल व पुड्यांचे 6,800 लावले. घरात 22,000 रोख होते. मदतनीस हिच्याबरोबर एटीएमपर्यंत गेला आणि 40,000 काढून घेऊन आला. उरलेले यूपीआयने, 49,800 एका नावावर आणि 25,000 दुसऱ्या नावावर. दोन्ही नावं त्या माणसाच्या नावाशी जुळत नव्हती. ज्याच्या हातून उपचार घेता त्याच्याच नावावर पैसे जात नसतील तर बोट तिथेच थांबवा.

पुड्या घेतल्यावर दोन दिवस खरंच बरं वाटलं. मी त्या पहिल्याच्या फोनवर आभारही मानले. तिसऱ्या दिवशी घशाला कोरड पडायला लागली, उपाशीपोटीची साखर 287 निघाली. एरवी माझी 140 च्या वर जात नाही. डॉक्टरांनी पुडी पाहिली आणि सरळ सांगितलं की यात स्टेरॉइड असल्याचा दाट संशय आहे, तुमचा आराम त्याचाच आहे. दबलेल्या शिरेत पू नसतोच. शीर दबते ती कमरेत, कातडीपासून कितीतरी आत. पोटरीच्या कातडीवर चिरा देऊन तिच्यापर्यंत काही पोचत नाही. ब्लेड आणि नळी आधी कुणाकुणाला लावली होती कोण जाणे, म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन आणि एचआयव्ही, हिपॅटायटिसच्या तपासण्या कराव्या लागल्या, आणि त्या पुन्हाही करायच्या आहेत. तुमच्या बाबतीत असं झालं असेल तर लाजून घरी बसू नका, आधी या तपासण्या करा. पुड्या फेकू नका, तो पुरावा आहे.

आता तक्रारीचं. चौकीत लाकडी बाकावर बसवून ठेवलं. माझ्या दुखण्यात बाकावर बसणं म्हणजे काय हे ज्याचं त्यालाच कळेल. साहेब म्हणाले, “काका, पैसे तुम्ही स्वतः दिलेत ना? मग फसवणूक कशी?” अरे, फसवणूक म्हणजे दुसरं काय असतं? खोटं सांगून माणसाला स्वतःच्या हाताने पैसे द्यायला लावणं, हेच तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये आहे, आणि 318(4) खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जुनं 420 म्हणतात ते हेच. मी हे म्हटल्यावर ‘वकील आहात का?’ विचारलं आणि सायबरकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले, माणूस प्रत्यक्ष घरी आला होता, हे आमच्यात बसत नाही. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रारीचा क्रमांक मिळाला, पुढे शांतता. बँकेने ‘पिन तुम्हीच टाकला’ म्हणून हात झटकले. महापालिकेच्या आरोग्य विभागात बोगस डॉक्टरांची तक्रार घेतात म्हणून तिथे गेलो, तर दवाखान्याचा पत्ता मागितला. दवाखाना नाही, तो घरोघरी फिरतो, हेच तर मी सांगतोय! ‘पत्ता नाही तर छापा कुठे घालणार?’ नोंदणीशिवाय वैद्यकीय व्यवसाय करणं हा महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, 1961 च्या कलम 33 खाली गुन्हा आहे, त्यासाठी दुकानाची पाटी लागत नाही. कुणी ऐकून घेतलं नाही. एका बाईंनी तर खालच्या आवाजात शेजारणीला ‘थेंब मोजले म्हणे’ असं सांगितलं आणि दोघी हसल्या. हिच्या समोर. त्या दिवसापासून ही कुठल्याही कार्यालयात माझ्याबरोबर यायला तयार नाही. जे लोक पोटासाठी पगार आमच्याच करातून घेतात, त्यांना एका आजारी माणसाचं म्हणणं पाच मिनिटं हसल्याशिवाय ऐकता येऊ नये?

चौकीत गुन्हा नोंदवून घेत नसतील तर वाद घालत बसू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना, शहरात असाल तर उपायुक्तांना, पोस्टाने पाठवा. पैसे गेल्याबरोबर 1930 लावा. मी लाजेपोटी उशीर केला आणि तोवर दोन्ही खाती रिकामी झाली होती.

मुलाला अजून सांगितलेलं नाही. गेलेले पैसे शिरेजवळच्या इंजेक्शनसाठी आणि लागलंच तर ऑपरेशनसाठी बाजूला ठेवले होते. फिजिओथेरपिस्ट आता पालथं झोपून कोपरांवर उठायचा व्यायाम करून घेतात, त्याने कळ मांडीपर्यंत वर सरकली आहे. पायातून वर, कमरेकडे सरकणं चांगलं लक्षण असतं म्हणतात. पण कुणाला लघवी-शौचावरचा ताबा जातोय, जांघेत बधिरपणा येतोय, पाऊल उचलत नाही असं होत असेल तर एक तासही न थांबता मोठं रुग्णालय गाठा, तिथे वैद्यही नको आणि वाट बघणंही नको.

उपायुक्तांच्या कार्यालयातून परवा फोन आला. अशाच प्रकारची आणखी एखादी तक्रार असेल तर दोन्ही एकत्र घेता येतील, असं म्हणाले. मध्य रेल्वेवरच्या ठाण्याच्या पुढच्या उपनगरांत थेंबाचे पैसे ज्यांनी मोजलेत, त्यांनी आपापल्या चौकीत लेखी तक्रार द्या आणि पैसे कोणत्या यूपीआय नावावर गेले ते त्यात न चुकता लिहा.