डॉक्टरऐवजी फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर: टेक्सासमधला चौदा महिन्यांचा अनुभव

डॅलसच्या उत्तरेला प्लेनोमध्ये आम्ही अकरा वर्षं राहतोय. आमचे जुने फॅमिली डॉक्टर निवृत्त झाले आणि नवीन डॉक्टर शोधायला लागल्यावर कळलं की नव्या पेशंटला पहिली वेळ अकरा आठवड्यांनी मिळणार. माझी तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी, तेव्हा ८.१ होती. थांबणं शक्य नव्हतं. क्लिनिकच्या फोनवरच्या मुलीने विचारलं, "एनपी चालतील का? गुरुवारी सकाळी जागा आहे." एनपी म्हणजे नर्स प्रॅक्टिशनर, पुढचं शिक्षण घेऊन पेशंट तपासणारी आणि औषधं लिहून देणारी नर्स. मी हो म्हटलं, पण फोन ठेवल्यावर मनात धाकधूक होती. सांगलीला आईला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे नर्सच ना गं? मग डॉक्टर कधी बघणार तुला?"

आईचा प्रश्न रास्त होता. त्या रात्री मी एकेक अक्षर समजून घ्यायला बसले. क्लिनिकच्या वेबसाइटवर त्या एनपींच्या नावापुढे एमएसएन, एपीआरएन, एफएनपी-सी असं लिहिलं होतं. एमएसएन म्हणजे नर्सिंगमधली मास्टर्स. त्याआधी नर्सिंगचं शिक्षण, एनसीएलईएक्स ही परीक्षा आणि आरएनचं, म्हणजे नोंदणीकृत नर्सचं, लायसन्स हे सगळं झालेलं असतं. एपीआरएन हे राज्याचं वेगळं, वरच्या पायरीचं लायसन्स. आमच्याकडे ते टेक्सास बोर्ड ऑफ नर्सिंग देतं. एफएनपी-सी हे राष्ट्रीय पातळीवरचं प्रमाणपत्र. ते अमेरिकन अकॅडमी ऑफ नर्स प्रॅक्टिशनर्स सर्टिफिकेशन बोर्डाकडून मिळतं. काहींच्या नावापुढे एफएनपी-बीसी असतं, ते अमेरिकन नर्सेस क्रेडेन्शियलिंग सेंटरचं. दर्जाने दोन्ही सारखी, दोन्हींचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. यातला 'फॅमिली' हा शब्द शोभेचा नाही. तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्या माणसापर्यंत सगळ्यांची प्राथमिक तपासणी आणि उपचार, असं त्या शिक्षणाचं क्षेत्र आहे. मानसिक आजारांचे किंवा अतिदक्षता विभागातले एनपी वेगळे, त्यांचं प्रमाणपत्रही वेगळं.

लायसन्स चालू आहे का हे 'नर्सिस' नावाच्या साइटवर फुकट बघता येतं. नाव आणि राज्य टाकलं की लायसन्स कधीपर्यंत आहे आणि त्यावर कधी शिस्तभंगाची कारवाई झाली होती का, हे दिसतं. दुसरी नोंद एनपीआय नंबरची, म्हणजे आरोग्यसेवा देणाऱ्यांच्या सरकारी ओळख क्रमांकाची, दहा आकडी. ती सरकारी यादी सगळ्यांना खुली आहे. पण एनपीआय ही फक्त ओळख आहे, गुणवत्तेची पावती नाही. तिथला पत्ताही कधी कधी जुना असतो. आमच्या एनपींचा तर आधीच्या नोकरीतलाच होता. एनपीआय बघून निश्चिंत होणारी माणसं मला भेटली आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहितेय. बघायचं ते लायसन्स आणि प्रमाणपत्र.

एक गोष्ट मात्र कुठल्याच यादीत दिसत नाही, ती म्हणजे अनुभव. फॅमिली मेडिसिनच्या डॉक्टरला मेडिकल कॉलेजनंतर तीन वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे पेशंट बघत घेतलेलं प्रशिक्षण, करावी लागते. एनपीच्या शिक्षणात पेशंटसोबतच्या थेट कामाचे किमान तास बरीच वर्षं ५०० होते, २०२२च्या मानकांत ते ७५० झाले. दोन्हींतलं अंतर मोठं आहे आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. म्हणून एनपी होण्याआधी त्या माणसाने आरएन म्हणून कुठे आणि किती वर्षं काम केलं, याला माझ्या मते फार महत्त्व आहे. मी पहिल्याच भेटीत हे विचारलं. बाईंनी जराही मनाला लावून न घेता सांगितलं: नऊ वर्षं हॉस्पिटलच्या हृदयरोग विभागात, मग मास्टर्स, आता एनपी म्हणून सहावं वर्ष. पुढे म्हणाल्या, "हा प्रश्न सगळ्यांनी विचारायला हवा."

पहिली भेट चाळीस मिनिटांची झाली. मी सकाळी काय खाते, भाकरी की पोळी, भात किती, रात्री किती वाजता जेवते, सगळं त्यांनी विचारलं. मेटफॉर्मिनने माझं पोट बिघडायचं म्हणून मी अधूनमधून गोळी टाळायचे, हे मी जुन्या डॉक्टरांना कधी सांगितलंच नव्हतं. त्यांना सांगितलं, कारण त्यांनी "गोळी घेता का?" असं न विचारता "आठवड्यातून किती वेळा राहून जाते?" असं विचारलं. त्यांनी तीच गोळी हळूहळू विरघळणाऱ्या प्रकारात दिली, रात्रीच्या जेवणासोबत. पोटाचा त्रास पंधरा दिवसांत थांबला. घरच्या बीपी मशीनचा पट्टा माझ्या दंडाला लहान होता, त्यामुळे आकडा वर दाखवत होता. तोही त्यांच्याच लक्षात आला. सहा महिन्यांनी एचबीए१सी ६.९ आली. यात माझं चालणं आहेच, पण गोळी रोज पोटात जाऊ लागली हे मुख्य.

टेक्सासमध्ये एनपी पूर्ण स्वतंत्रपणे औषधं लिहून देऊ शकत नाहीत, हे इथल्या लोकांना नीट माहीत असायला हवं. त्यासाठी एका डॉक्टरशी लेखी करार लागतो. महिन्यातून किमान एकदा दोघांची बैठक व्हावी लागते आणि काही केस पेपर डॉक्टर तपासतात. आमच्या प्रिस्क्रिप्शनवर म्हणूनच दोन नावं असतात. शेजारच्या न्यू मेक्सिकोत किंवा ॲरिझोनात असं बंधन नाही. माझी नणंद फिनिक्सला असते, तिच्या एनपींचं स्वतःचं क्लिनिक आहे. शिक्षण तेच, प्रमाणपत्र तेच, पण राज्याची हद्द ओलांडली की अधिकार बदलतात. आम्हाला याची झळ एकदाच बसली. मुलाचं एकाग्रतेचं औषध शेड्यूल दोनमध्ये, म्हणजे कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत, येतं आणि टेक्सासमध्ये हॉस्पिटल किंवा हॉस्पिसच्या (अखेरच्या टप्प्यातल्या पेशंटच्या सेवेच्या) बाहेर एनपी ते लिहू शकत नाहीत. पहिल्या भेटीतच त्यांनी हे स्पष्ट सांगितलं आणि त्याचं काम बालरोगतज्ज्ञांकडेच ठेवलं. आधीच सांगितल्यामुळे आमचे हेलपाटे वाचले.

आता आईबद्दल. ती ऑक्टोबरात सहा महिन्यांसाठी आली. बहात्तर वर्षांची, बीपी आणि साखर दोन्ही. प्रवासी विमा जुन्या आजारांना पैसे देत नाही, म्हणून मी क्लिनिकचा रोख दर आधीच विचारून घेतला. एका भेटीचे १३५ डॉलर. आईने नेहमीप्रमाणे औषधांचा डबाच नेला होता. टेल्मा, ग्लायकोमेट, इकोस्प्रिन ७५, आणि गुडघ्यांसाठी "कधीतरी" घ्यायची व्होव्हेरान. यातलं एकही नाव इथे कुणाला कळत नाही. बाईंनी एकेक स्ट्रिप उलटी करून मूळ औषधाचं नाव वाचलं आणि कागदावर टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन, ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक असं उतरवलं. व्होव्हेरान महिन्यातून किती, हे आईला तीन वेळा विचारलं. तिसऱ्यांदा आई खरं बोलली: आठवड्यातून चार.

मग त्यांनी आईचं मनगट हातात घेतलं. मशीनने नाडी मोजून झाली होती, तरी घड्याळ बघत पूर्ण मिनिटभर बोटं ठेवली. पुन्हा एकदा मोजली. मला म्हणाल्या, "ठोके सारखे पडत नाहीयेत. आत्ताच ईसीजी काढू." ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा आजार, निघालं. आईला काही जाणवत नव्हतं. जिना चढताना दम लागतो ते वयामुळे, असं ती आणि आम्ही सगळे धरून चाललो होतो. या आजारात हृदयात रक्ताची गुठळी होऊन मेंदूकडे जाऊ शकते, आणि आईचं वय, बीपी, साखर बघता तिला धोका जास्त होता.

यानंतर त्या जे वागल्या त्यासाठी मी हा लेख लिहितेय. त्या म्हणाल्या, "हे मी ओळखू शकते, पण पुढचं मी एकटीने ठरवणार नाही." आमच्यासमोरच त्यांनी करारातल्या डॉक्टरांना फोन लावला, ईसीजी पाठवला आणि दुसऱ्या दिवशीची हृदयरोगतज्ज्ञांची वेळ मिळवली. सोबत एक पानी टिपण दिलं. त्यात दोन प्रश्न ठळक लिहिले होते: रक्त पातळ करणारं औषध सुरू केलं तर ॲस्पिरिन चालू ठेवायचं का, आणि पेशंट डायक्लोफेनॅक घेते हे लक्षात घ्यावं. तज्ज्ञांनी ॲपिक्सॅबॅन सुरू केलं आणि त्या टिपणामुळे इकोस्प्रिन आणि व्होव्हेरान दोन्ही तिथल्या तिथे बंद झाल्या. तिन्ही एकत्र चालू राहिल्या असत्या तर रक्तस्रावाचा मोठा धोका होता.

आई तेव्हापासून त्यांना "हलक्या हाताची बाई" म्हणते. आमच्या गावाकडे उपकेंद्रात एक नर्सबाई होत्या. लसी, बाळंतपणं, जखमा, सगळं त्याच बघायच्या आणि गाडी तालुक्याला कधी पाठवायची हेही त्याच ठरवायच्या. आईला या बाईंमध्ये त्या दिसल्या. मला नंतर कळलं की अमेरिकेत एनपीचं शिक्षण १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू झालं. लोरेटा फोर्ड ही ग्रामीण भागात काम केलेली नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ, या दोघांनी ते सुरू केलं. जिथे डॉक्टर पोचत नव्हते तिथल्या मुलांसाठी. म्हणजे आईला वाटलं त्यात तथ्य होतं.

तक्रारी आहेत, त्याही लिहिते. पहिल्या बिलाच्या विवरणात मी कधीही न पाहिलेल्या डॉक्टरांचं नाव होतं. काउंटरवर विचारल्यावर कळलं की आमची विमा कंपनी काही दावे करारातल्या डॉक्टरांच्या नावाने घेते. चूक कुणाची नव्हती, पण हे आधी सांगायला हवं होतं. मी दोन दिवस फसवणूक झाली असं समजून अस्वस्थ होते. क्लिनिकच्या ऑनलाइन पोर्टलवरच्या निरोपाला उत्तर यायला दोन-तीन दिवस लागतात. बाई रजेवर असताना बदली एनपी आले, ते दुसऱ्या शाखेतले. त्यांनी केस पेपर न वाचता मला पुन्हा साध्या मेटफॉर्मिनचं प्रिस्क्रिप्शन पाठवलं. फार्मसीत डबी वाचली म्हणून वाचले. पदवी तीच, प्रमाणपत्र तेच, तरी माणूस वेगळा होता. तेव्हापासून बाईंची रजा विचारूनच मी पुढची वेळ घेते.

आई एप्रिलमध्ये परत गेली. जाताना बाईंनी सगळी औषधं मूळ नावांनी, मात्रेसह, एका पानावर छापून दिली आणि ईसीजीची प्रत जोडली. सांगलीतल्या तिच्या डॉक्टरांनी ते पान तिच्या फाइलीत सगळ्यात वर लावलंय. ॲपिक्सॅबॅन तिथे सहज मिळतं आणि इथल्यापेक्षा पुष्कळ स्वस्त. ती येत्या ऑक्टोबरात पुन्हा येतेय. विमानाचं तिकीट काढायच्या आधी तिने मला बाईंची वेळ घ्यायला लावली आहे, एकवीस तारखेची, सकाळी साडेनऊची.