एसटीपीचं लाइटबिल: आधी डिफ्युझर बदलायचे की व्हीएफडी लावायचा?

आमच्या बाणेरच्या सोसायटीत यावर दोन मीटिंगा गेल्या, म्हणून तुमच्याकडे आता हा विषय निघाला असेल तर हे वाचा. एसटीपी म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लँट, त्याची साधारण निम्मी किंवा त्याहून जास्त वीज टाकीत हवा सोडणारा ब्लोअर एकटा खातो. डिफ्युझर ती हवा टाकीच्या तळाशी बुडबुडे करून सोडतात, आणि व्हीएफडी ब्लोअरचा स्पीड कमी-जास्त करतो. 10 एचपीचा, म्हणजे साडेसात किलोवॅटचा ब्लोअर फुल लोडवर 20 तास चालला की दिवसाला 150 युनिट झाले.

व्हीएफडीवाला सांगतो की स्पीड 20 टक्के कमी केला की वीज निम्मी. तो हिशोब पंख्याचा आहे हो! सोसायट्यांत बहुतेक ट्विन लोब (दोन फिरत्या लोबांनी हवा ढकलणारे) ब्लोअर असतात, त्यांना टाकीतल्या पाण्याच्या खोलीएवढं प्रेशर द्यावंच लागतं, मग स्पीड काही का असेना, त्यामुळे वीजही साधारण 20 टक्केच वाचते, दिवसाला 30 युनिट. तेही काही कमी नाही, कारण रात्री 12 ते 5 सांडपाणी येतंच किती. फक्त स्पीड फार खाली नेऊ नका, ब्लोअर तापतो आणि टाकीत गाळ बसायला लागतो.

डिफ्युझरचं गणित वेगळं. स्वच्छ पाण्यात खोलीच्या दर मीटरला फाइन बबल, म्हणजे बारीक बुडबुड्यांचा डिफ्युझर, हवेतला साधारण 6 टक्के ऑक्सिजन विरघळवतो, मोठे बुडबुडे 2 ते 3 टक्के. सांडपाण्यात वॉशिंग मशीनचा साबण असतो त्याने फाइनचा फायदा घटतो, पण तरी तोच पुढे राहतो. डिफ्युझरचं मेंब्रेन (वरचा छिद्रांचा पडदा) फाटलं की मोठमोठे बुडबुडे एकाच जागी उसळतात, वरून बघितलं तरी कळतं. चोक झालं असेल तर ब्लोअरचा प्रेशर गेज सांगतो, 3 मीटर पाण्याला 0.3 बारच्या थोडं वर पाहिजे, 0.45 दाखवत असेल तर ब्लोअर उगाच जोर लावतोय. आमच्याकडे फाटलेलेच निघाले, आणि अशात व्हीएफडी लावला असता तरी स्पीड कमी करता आलाच नसता. ऑक्सिजन कमी पडून शुद्ध केलेल्या पाण्याला वास आला की लोक फ्लशला ते नको म्हणतात आणि मग टँकर.

टर्बो ब्लोअर मोठ्या प्लँटसाठी, सोसायटीने त्यात पडू नये. एमबीबीआर (टाकीत प्लास्टिकचे तुकडे सोडून त्यांवर जंतू वाढवायची पद्धत) असेल तर हवा कमी करताना जपून, मीडिया म्हणजे ते तुकडे फिरत राहिले पाहिजेत.

कोटेशन मागवायच्या आधी हातातला डीओ मीटर (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणारा) मिळवा. सकाळी 9 ला ब्लोअर फुल स्पीडला असूनही डीओ लिटरला 1 मिलिग्रॅमच्या खाली असेल तर आधी डिफ्युझर, आणि पहाटे 3 ला 4-5 दिसला तर व्हीएफडी बिनधास्त घ्या.