पॉड-सिंपलमधलं सिंपलट्री: आठ महिने वापरल्यावर

पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या आमच्या मोड्यूल्सचं सगळं डॉक्युमेंटेशन पॉडमध्ये, म्हणजे पर्लच्या डॉक्युमेंटेशनसाठीच्या खुणांच्या भाषेत, आहे. त्यातली कोडची उदाहरणं बाहेर काढून चालवून बघायची आणि तुटलेल्या लिंक्स शोधायच्या, एवढंच काम होतं. आधी रेग्युलर एक्स्प्रेशनवर भागवत होतो. पण बोल्डच्या आत लिंक आणि लिंकच्या आत कोड आला की ते कोलमडायचं. म्हणून सिंपलट्रीकडे वळलो. हा पॉड-सिंपलमधला पार्सर पॉड वाचून त्याचं नोड्सचं झाड करून देतो. पॉड-सिंपल पर्लबरोबरच येतं, त्यामुळे वेगळं काही बसवावं लागलं नाही.

याची रचना मला मनापासून आवडली. प्रत्येक नोड म्हणजे साधा अ‍ॅरे: पहिल्या जागी नाव, दुसऱ्या जागी अ‍ॅट्रिब्यूट्सचा हॅश, त्यापुढे मुलं. मजकूर असेल तिथे नुसती स्ट्रिंग. रेफरन्स आहे की स्ट्रिंग एवढं तपासणारं छोटं रिकर्सिव्ह फंक्शन लिहिलं की अख्खं झाड फिरून होतं. अडलं तर डेटा-डंपरने छापायचं, सगळं समोर दिसतं. फक्त पार्सर ऑब्जेक्ट दर फाइलला नवा घ्यायचा.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच समजून घ्या, माझे त्यात बरेच दिवस गेले. शीर्षकांची उतरंड या झाडात नसते. दुसऱ्या पातळीचं शीर्षक पहिल्या पातळीच्या पोटात जात नाही. शीर्षकं आणि परिच्छेद सगळे डॉक्युमेंट नोडखाली एका रांगेत उभे असतात. यादीतही तेच: आयटमनंतरचा परिच्छेद आयटमच्या आत नाही, शेजारी असतो. 'या विभागातली उदाहरणं द्या' असं विचारायचं तर स्टॅक ठेवून विभाग आपणच बांधायचे. पॉडच्या लिखाणातच विभाग कुठे संपला याची खूण नसते, हे लक्षात आल्यावर मला हा निर्णय पटला. पार्सरने अंदाज बांधण्यापेक्षा हे बरं.

लिंकच्या नोडमध्ये प्रकार, कुठल्या पानाकडे आणि कुठल्या विभागाकडे हे वेगवेगळं मिळतं, म्हणून तपासणी सोपी झाली. लेखकाने लिंकला मजकूर दिला नसेल तर पार्सर स्वतः तो तयार करतो, आणि त्यात इंग्रजी 'इन' शब्द घुसतो. इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतल्या पानांवर ते खटकतं. असा मजकूर ओळखायला अ‍ॅट्रिब्यूट आहे, तो बघून आम्ही आपला शब्द घालतो.

कोडच्या उदाहरणांत सुरुवातीच्या स्पेस तशाच राहतात. एरवी पर्लला फरक पडत नाही, पण साधा हिअर-डॉक (कोडमध्येच लिहिलेला, ठरलेल्या खुणेच्या ओळीवर संपणारा अनेक ओळींचा मजकूर) असेल तर त्याची शेवटची खूण ओळीच्या सुरुवातीला सापडत नाही आणि उदाहरण फसतं. इंडेंट काढायचं सेटिंग आहे, ते चालू करा.

चुकलेल्या पॉडवर पार्सर थांबत नाही. चुकांची यादी झाडाच्या शेवटी वेगळा विभाग म्हणून जोडतो. तो नको असेल तर बंद करता येतो.

पॉड वाचून बदलून परत पॉडच लिहायचं असेल, तर हे घेऊ नका. एस्केप कोडचं (खास अक्षरासाठी लिहिलेल्या खुणेचं) अक्षर झालेलं असतं, बोल्ड वगैरे खुणांना कोनी कंस किती होते तेही कळत नाही. आम्ही नोडमधला सुरुवातीच्या ओळीचा क्रमांक घेतो आणि दुरुस्ती मूळ फाइलमध्ये त्या ओळीवर जाऊन करतो.