दिमित्री मेंडेलीव्ह यांचे पीटर्सबर्गमधील संग्रहालय

सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठाची सुमारे ४०० मीटर लांबीची जुनी इमारत वासिल्येव्स्की बेटावर, नेवा नदीकडे एक टोक करून उभी आहे. तिच्या एका टोकाच्या ज्या घरात आवर्तसारणी मांडणारे रशियन रसायनशास्त्रज्ञ दिमित्री मेंडेलीव्ह १८६६ ते १८९० या काळात प्राध्यापक म्हणून राहिले, तिथेच त्यांचे संग्रहालय आहे. दहावीच्या विज्ञानात आवर्तसारणी शिकलेल्या कोणालाही ते पाहण्याची मी मनापासून शिफारस करेन, कारण पाठ्यपुस्तकात एका परिच्छेदात उरकला जाणारा हा माणूस इथे त्याच्या कामासकट भेटतो.

अभ्यासिका हा संग्रहालयाचा गाभा. एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी: इथले सामान मेंडेलीव्ह यांच्या अखेरच्या निवासस्थानातले असून, १९०७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर विद्यापीठाने ते ग्रंथसंग्रहासह १९११ मध्ये त्यांच्या पत्नी ॲना इव्हानोव्हना यांच्याकडून विकत घेतले आणि या जुन्या घरात मांडले. त्यामुळे ही खोली जशीच्या तशी राखलेली नाही, ती पुन्हा उभी केलेली आहे. तरीही उभ्याने लिहिण्याचे उंच मेज आणि पुस्तकांनी भरलेली कपाटे पाहताना त्या माणसाची शिस्त स्पष्ट जाणवते. ॲना इव्हानोव्हना स्वतः चित्रकार होत्या आणि याच घरात दर बुधवारी रेपिन, कुइंजी, यारोशेन्को यांच्यासारखे चित्रकार जमत असत.

मला सर्वाधिक मोलाचा वाटतो तो इथला कागदपत्रांचा संग्रह. आवर्तसारणी स्वप्नात दिसली, ही कथा आपल्याकडेही आवडीने सांगितली जाते. पण १७ फेब्रुवारी १८६९ (नव्या कालगणनेनुसार १ मार्च) या तारखेचे एक पत्र या संग्रहात आहे, ते वेगळेच सांगते. मेंडेलीव्ह त्या सुमारास त्वेर प्रांतातील सहकारी चीज-उत्पादन केंद्रांच्या पाहणीला निघणार होते, पत्रही त्याच कामासंबंधी होते आणि त्याच्याच मागच्या बाजूला त्यांनी मूलद्रव्यांची अणुवस्तुमाने एकाखाली एक मांडून पाहिली. पुढे मार्चमध्ये रशियन रसायनशास्त्र परिषदेत हा शोध त्यांच्या वतीने त्यांचे सहकारी रसायनशास्त्रज्ञ मेन्शुत्किन यांनी मांडला. त्या काळी ज्ञात असलेल्या ६३ मूलद्रव्यांची मांडणी करताना मेंडेलीव्ह यांनी अजून न सापडलेल्या मूलद्रव्यांसाठी काही जागा प्रश्नचिन्ह घालून मोकळ्या सोडल्या. १८७५ मध्ये त्यांपैकी एक, गॅलियम, सापडले, तेव्हा शोधकाने त्याची घनता ४.७ दिली, ती ५.९ च्या आसपास असायला हवी, असे मेंडेलीव्ह यांनी ते मूलद्रव्य डोळ्यांनी न पाहता कळवले आणि फेरमोजणीत तेच खरे ठरले. खाडाखोड केलेल्या टिपणांमधून इतक्या ठाम भाकितापर्यंत पोहोचणारी बुद्धी कोणत्याही स्वप्नकथेपेक्षा मोठी आहे, असे मला वाटते.

वोडकाचे ४० टक्के प्रमाण त्यांनी ठरवले, ही अशीच दुसरी दंतकथा. अल्कोहोल आणि पाणी यांच्या मिश्रणांवर त्यांचा १८६५ चा प्रबंध आहे, एवढेच त्यात तथ्य.

हे घर त्यांना सोडावे लागले, त्यामागचे कारणही जाणून घेण्यासारखे आहे. १८९० मध्ये विद्यार्थ्यांचे निवेदन त्यांनी स्वतः शिक्षणमंत्र्यांकडे पोहोचवले, मंत्र्यांनी ते परत पाठवले आणि मेंडेलीव्ह यांनी प्राध्यापकपदाचा राजीनामा दिला. एवढ्या कीर्तीच्या शास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांसाठी पद सोडावे, याबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे.

हे लहान, विद्यापीठीय संग्रहालय मार्गदर्शकासोबत पाहावे, भेटीची वेळ आधी ठरवून घ्यावी आणि रशियन येत नसेल तर दुभाषा सोबत असावा. नाहीतर कागदपत्रांचा अर्थ निसटतो. ‘वासिलिओस्त्रोव्स्काया’ मेट्रो स्थानकावरून चालत जाता येते. त्याच दिवशी ‘तेख्नोलोगीचेस्की इन्स्तितूत’ स्थानकावर उतरून मॉस्कोव्स्की रस्त्यावरील वजनमापे संस्थेच्या आवारात जावे. तिथे १९३५ मध्ये भिंतीवर साकारलेली भव्य आवर्तसारणी आणि मेंडेलीव्ह यांचा पुतळा उघड्यावर पाहायला मिळतो.