लिचेस: नेतृत्वगुणांसाठी बुद्धिबळ खेळायचं असेल तर

बुद्धिबळाच्या क्लासच्या जाहिरातीत एकाग्रता, स्मरणशक्ती आणि नेतृत्वगुण हे त्रिकूट हमखास असतं. तिसऱ्या दाव्याबाबत जरा सबुरीनं घ्यावं. इंग्लंडमधल्या 100 शाळांत नऊ-दहा वर्षांच्या मुलांना बुद्धिबळ शिकवून झालेल्या चाचणीचा अहवाल 2016 मध्ये आला. साधारण 30 तासांचं शिक्षण झालं, पण वर्षभरानंतर गणितातसुद्धा फरक दिसला नाही. गणिताची ही गत, मग माणसं सांभाळण्याचं कसब पटावरून आपसूक अंगात उतरेल ही आशा भाबडीच. घड्याळ पळत असताना निर्णय घेणं आणि तोच निर्णय नंतर थंड डोक्यानं उलगडून बघणं, एवढ्या दोन सवयी मात्र पट नक्की लावू शकतो. लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळ खेळण्याच्या संकेतस्थळाकडे इथे तेवढ्याच कामापुरतं पाहिलं आहे.

आधी किमतीचं. सगळं फुकट आहे, जाहिराती नाहीत. फ्रान्समधली ना-नफा संस्था देणग्यांवर ते चालवते. देणगीदाराला नावाशेजारी पंखांचं चिन्ह मिळतं, जादा सोय एकही नाही.

वेळ निवडताना बहुतेक जण चुकतात. 3+0 चा डाव म्हणजे प्रत्येकाला तीन मिनिटं. त्यात हाताची सवय खेळते, डोकं नाही. निर्णयाचा सराव हवा असेल तर 15+10 घ्या: 15 मिनिटं आणि प्रत्येक खेळीला 10 सेकंदांची भर. 40 खेळ्यांचा डाव फार तर पाऊण तासात आटोपतो. नव्या खात्याचं रेटिंग, म्हणजे खेळाडूची ताकद सांगणारा आकडा, 1500 पासून सुरू होतं, शेजारी प्रश्नचिन्ह असतं आणि आकडा पहिल्या काही डावांत धाडधाड खालीवर होतो. तो मनाला लावून घेऊ नये. झेन मोड लावला की नावं आणि रेटिंग दिसतच नाहीत. समोरच्याचा आकडा पाहून बिचकणाऱ्यांनी तो जरूर लावावा.

खरा माल डाव संपल्यावर हाती येतो. विश्लेषणाच्या पानावर पटाखाली प्रत्येक खेळीला लागलेल्या वेळेचा आलेख असतो, आणि बहुतेक लोक तो उघडतही नाहीत. मोहरा परत मारण्यावाचून दुसरा पर्यायच नव्हता, तिथे दोन मिनिटं गेलेली असतात. वजिरावजिरी (दोघांचे वजीर मारामारीत पटावरून जाणं) करायची की नाही, ज्यावर पुढचा अख्खा डाव ठरणार, ते आठ सेकंदांत उरकलेलं असतं. कुठला प्रश्न मोठा आणि कुठला किरकोळ हे ओळखण्यातली ही चूक आहे. कचेरीत ती महिनोन्‌महिने झाकली जाते, इथे डाव संपताच उघडी पडते.

क्रम मात्र पाळायला हवा. इंजिन, म्हणजे खेळ्या तपासणारा संगणक, बंद ठेवून डाव ‘स्टडी’त, म्हणजे डावावर टिपणं लिहायच्या वहीत, घ्या. एका स्टडीत 64 प्रकरणं मावतात आणि ती खासगी ठेवता येते. निर्णायक वाटलेल्या तीन-चार खेळ्यांखाली लिहा: तेव्हा काय दिसत होतं, कशाची भीती वाटली, दुसरा पर्याय कोणता होता. हे झाल्यावरच संगणकाचं विश्लेषण मागवा आणि ‘लर्न फ्रॉम युअर मिस्टेक्स’ दाबा. तिथे चुकलेल्या जागी पुन्हा आणून सोडतात आणि योग्य खेळी आपल्यालाच शोधायला लावतात. आधी इंजिन लावलं तर त्यानं खेळीला दिलेला आकडा पाहून ‘हे मला माहीतच होतं’ असं मन बेमालूम सांगतं, आणि शिकणं तिथेच संपतं.

कोडी भरपूर आहेत, पण एक गोम आहे. कोडं समोर आलं म्हणजे इथे काहीतरी दडलंय हे आधीच कळतं. प्रत्यक्षात ती सूचना कोणी देत नाही. म्हणून शह-मातीच्या कोड्यांवर तास घालवण्यापेक्षा बचावाची खेळी, शांत खेळी आणि हरता डाव बरोबरीत सोडवणं हे विषय निवडा.

सांघिक बाजू लंगडी आहे. ‘टीम बॅटल’ या संघांच्या स्पर्धेत संघातल्या वरच्या ठरावीक खेळाडूंच्या गुणांची बेरीज होते. त्यांना ‘लीडर’ म्हणतात खरं, पण ते कोणाचंही नेतृत्व करत नाहीत, जो तो आपापलं कुटत असतो. देशांच्या संघांमधल्या बुद्धिबळ ऑलिंपियाडची गोष्ट वेगळी: पाच खेळाडूंतून रोज चार बसवायचे, कोणाला विश्रांती द्यायची ते कर्णधार ठरवतो. डाव चालू असताना बरोबरी द्यावी, स्वीकारावी की डाव सोडावा एवढाच सल्ला तो देऊ शकतो. पटावरच्या स्थितीबद्दल चकार शब्द काढायचा नाही. 2024 मध्ये बुडापेस्टला भारतीय महिला संघ सुवर्णपदक जिंकला तेव्हा कर्णधार पुण्याचे अभिजित कुंटे होते आणि तिसऱ्या पटावर नागपूरच्या दिव्या देशमुखनं 11 डावांत 9.5 गुण काढले. कर्णधाराच्या भूमिकेचा सराव देणारं लिचेसवर काही नाही.

त्यावर उपाय जोडीनं खेळण्याचा. एक जण फक्त मोहऱ्याचं नाव घेतो, ‘घोडा’. कुठला घोडा आणि कुठे, ते दुसरा ठरवतो. मध्ये बोलायचं नाही. दर दहा खेळ्यांनी भूमिका बदलायची. सांगणारा चरफडतो, कारण मनातली खेळी होत नाही. काम दुसऱ्यावर सोपवताना होणारी चिडचिड हीच. जोडीतला तगडा खेळाडू आधी सांगणाऱ्याच्या जागी बसवा, नाहीतर तो इशारा कसाही आला तरी एकहाती डाव ओढून नेतो. असे डाव रेटिंगविना, ओळखीच्या जोडीला दुवा पाठवूनच खेळा. रेटेड डावात दुसऱ्याची मदत घेणं नियमबाह्य आहे, खातं गोत्यात येतं.

शाळेत किंवा क्लासमध्ये वापरणार असाल तर ‘क्लास’ची सोय घ्या. शिक्षक मुलांची खाती स्वतः उघडतो आणि किड मोडमुळे अनोळखी लोकांशी गप्पा, निरोप बंद राहतात. पासवर्ड पडद्यावर एकदाच दिसतो, तेव्हा तो लगेच वहीत उतरवून घ्या.