माशीचा डंख की पोटातली सुई?

हस्त बहराला सांगोल्याकडच्या डाळिंबाच्या बागांत मधमाश्यांच्या पेट्या येतात. हल्ली पेट्यांबरोबर सल्लेही येतात. डंखानं गुडघे बरे होतात, इथवर ऐकून होतो. ऑक्टोबरात सोलापुरात सात रस्त्याजवळच्या आमच्या मेडिकलमध्ये एक ताई आल्या. दोनदा दिवस गेले, दोनदा तिसऱ्या महिन्यात गर्भ गेला. "माशीच्या विषानं गर्भ टिकतो म्हणं. घेऊ का ओ दादा? डॉक्टर तर पोटात रोज सुई म्हणतेत."

विषाची बाजू अगदीच पोकळ नाही. गर्भाचा निम्मा वारसा बापाचा, म्हणजे आईच्या शरीराला तो अर्धा परकाच. त्याला सांभाळून घेण्याचं काम नियामक टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशी करतात. 2004 साली उंदरांमध्ये या पेशी काढून पाहिल्या, तर वेगळ्या वाणाच्या नरापासून राहिलेले गर्भ टिकेनात. आणि मधमाशीच्या विषातलं फॉस्फोलायपेज ए२ उंदरांत नेमक्या याच पेशी वाढवतं.

पण प्रयोगशाळेत ते द्रव्य वेगळं काढून, तोलून टोचतात. अख्ख्या विषात ते 10 ते 12 टक्के. निम्मा वाटा मेलिटिनचा, आणि ते पेशींची आवरणं फोडतं. डंख मारला की नांगी कातडीतच तुटते आणि तिला चिकटलेली इवलीशी पिशवी, माशी गेल्यावरही, आत विष ढकलत राहते. नखानं लगेच खरवडली तर कमी, बघत बसलात तर जास्त. याला डोस कसा म्हणायचा? त्यातून ॲलर्जी उसळली, रक्तदाब कोसळला, तर गर्भाचा रक्तपुरवठाही तुटतो. माशीच्या ॲलर्जीवर विषाचीच इंजेक्शनं देणारे तज्ज्ञसुद्धा गरोदरपणात तो कोर्स नव्यानं सुरू करत नाहीत. माझ्या लेखी विषय इथंच संपला.

आता सुई, म्हणजे रक्त गोठू न देणारं हेपरिन. ते वारेतून बाळापर्यंत जात नाही, ही तिची मोठी जमेची बाजू. त्रास मात्र आहे: बेंबीच्या बाजूला चिमटीत कातडी धरून रोज टोचायचं, महिन्याभरात पोटावर निळे डाग, आणि खर्च महिनोन्महिने. सोबत ॲस्पिरिनची छोटी गोळी. ही जोडी उपयोगी पडते ती अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोममध्ये, जिथं शरीराची स्वतःचीच प्रतिद्रव्यं वारेचं काम बिघडवतात. (नावं सारखी वाटतात म्हणून फसू नका. विषातलं फॉस्फोलायपेज हा त्यावरचा उतारा नव्हे.) रक्त गोठण्याचा दोष आनुवंशिक असेल, तर हेपरिननं गर्भ टिकण्याचं प्रमाण वाढत नाही, हे 2023 च्या चाचणीत दिसलं. म्हणजे रिपोर्टाशिवाय सुईसुद्धा अंदाजानंच.

नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी टोचण्याचा तिसरा पर्यायही कुणी सुचवेल. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2002 मध्ये तो संशोधनाबाहेर थांबवला. सोडून द्या.

शिवाय सुरुवातीच्या गर्भपातांत निम्म्याच्या आसपास कारण गर्भाच्या गुणसूत्रांतच असतं. तिथं ना डंख कामाचा, ना सुई.

ताईंना विचारलं, प्रतिद्रव्यांची तपासणी झाली का? पिशवीतून घडी घातलेला कागद निघाला: एकदा झालेली, पॉझिटिव्ह. पण ही तपासणी किमान 12 आठवड्यांनी पुन्हा पॉझिटिव्ह यावी लागते, तेव्हाच निदान पक्कं. एखाद्या तापानंही ती तात्पुरती चढते. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोटानं आठवडे मोजले.

"गड्ड्याच्या जत्रेतच येतंय की ओ," म्हणाल्या, आणि पावतीच्या मागं जानेवारीतली तारीख लिहून घेतली.